नोकरी मिळाली, पाण्याचं काय? सिकलसेल, कामाची जागा आणि मालकाची कायदेशीर जबाबदारी

(१९ जून २०२५ रोजी, जागतिक सिकलसेल दिनानिमित्त रायपूरमधल्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मराठीत बोलते. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची घरं माझ्या घरासारखीच गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेली आहेत. कुणाचे आजोबा राजनांदगावच्या गिरणीत आले, कुणाचे रेल्वेत, कुणाचे भिलाईच्या कारखान्यात. आणि ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, तोही विदर्भ आणि छत्तीसगढ या दोन्हीकडे आपल्या घरांत आहे. ज्यांना मराठी अडेल त्यांनी मध्येच थांबवा.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. माझा विषय कंत्राटी कामगार. पण आजची सुरुवात मी प्रबंधातून करणार नाही, घरातून करणार आहे.

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. एसएस. आई आणि बाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही. आईवडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. मी सुटले, भाऊ सापडला. लहानपणी तो रात्री पाय धरून रडायचा, तेव्हा आजी म्हणायची, हाडं वाढतात. अकराव्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं.

भाऊ बी.कॉम. झाला. आमच्या घरात माझ्यानंतरचा दुसरा पदवीधर. दोन वर्षांपूर्वी त्याला शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात काम मिळालं. ऑनलाइन मागवलेल्या मालाची छाननी, संगणकावर नोंद. पगार ठेकेदाराकडून, काम कंपनीचं. भरतीच्या फॉर्मवर एक रकाना होता : काही गंभीर आजार आहे का? त्यानं मला फोन केला. ताई, काय लिहू?

मी म्हटलं, 'नाही' लिही.

मी हे तुम्हाला सांगते आहे, कारण आजचं सगळं भाषण त्या एका शब्दावर उभं आहे. मला कायदा माहीत होता. नेटसाठी मी त्याच्या टिपणांची वही केली होती. तरीही मी त्याला लपवायला सांगितलं. जसं आपण भाड्याची खोली बघायला जातो तेव्हा आडनाव हळू आवाजात सांगतो, तसंच.

गोदामात आत पाण्याची बाटली न्यायला बंदी होती. पाणी प्यायचं तर दोनशे पावलं चालून जायचं आणि तो वेळ यंत्रावर 'रिकामा वेळ' म्हणून नोंदला जायचा. डिसेंबरात त्याला रात्रपाळी लागली, मालगाड्या लागतात त्या उघड्या फलाटावर. सिकलसेलच्या माणसाला जे जे टाळायला सांगतात ते सगळं तिथे एकत्र होतं : शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, जागरण, दमणूक. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही आणि असह्य दुखायला लागतं. आठ महिन्यांत तो तीनदा दवाखान्यात भरती झाला. तिसऱ्यांदा परत गेला तेव्हा फाटकावरच सांगण्यात आलं, "कल से मत आना." ठेकेदार म्हणाला, कंपनीनं सांगितलं. कंपनीचा माणूस म्हणाला, तू आमचा नाहीसच, ठेकेदाराचा आहेस.

आता कायद्याकडे येते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात एकवीस झाले. त्या एकवीसमध्ये रक्ताचे तीन आजार आले : हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. ही यादी अशीच कुणाच्या कृपेनं वाढली नाही. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या माणसांनी रुग्णांच्या घरच्यांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षं संघटना चालवली, तेव्हा हा आजार सरकारला दिसला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता इथे नीट लक्ष द्या. याच कायद्याचं कलम ३२ सांगतं की सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव ठेवायच्या. यात एकवीसही प्रकार येतात, म्हणजे सिकलसेल येतो. पुढे कलम ३४. सरकारी नोकरीत किमान चार टक्के आरक्षण. पण इथे प्रकार मोजून दिले आहेत : अंध आणि अल्पदृष्टी; कर्णबधिर; अस्थिव्यंग, त्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले, स्नायूंचा क्षय; मग स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातली अक्षमता, मानसिक आजार; आणि यांतलं एकाहून जास्त असलेले. रक्ताचे आजार त्यात नाहीत. सिकलसेलमुळे खुब्याचं हाड निकामी झालं, चालणं बिघडलं, तर ते अस्थिव्यंग म्हणून मोजलं जाऊ शकतं. म्हणजे आधी पाय जाऊ द्या, मग रांगेत या.

कॉलेजचं दार उघडलं आणि नोकरीचं लावून घेतलं. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हा कुणाचा आजार आहे? मध्य भारतात हा आजार मुख्यतः आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांत सापडतो. गोंड, महार, सतनामी, साहू, कुर्मी. ज्या भागांत मलेरिया खूप होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. आणि जातीतल्या जातीत लग्नं होत राहिली, म्हणून ते त्या त्या समाजात फिरत राहिलं. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणून जे दाखवलं होतं, जातीच्या आतच लग्न, त्याची खूण आमच्या घरात रक्ताच्या अहवालावर आहे. पण म्हणून कुणी 'हा तुमच्याच लोकांचा आजार' असं म्हणालं, की लगेच थांबवा. आजार जनुकाचा आहे. त्याची लाज जातीनं दिलेली आहे.

अपंगत्व आणि जात वेगळ्या रकान्यांत लिहिली जातात, पण ती एकाच घरात राहतात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के होतं. तेव्हा सिकलसेल मोजलाच जात नव्हता. २०२३ च्या १ जुलैला शेजारच्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तपासणी व्हायलाच हवी. पण कार्डावर 'एसएस' लिहून हातात दिलेल्या मुलानं उद्या नोकरी मागायला जायचं कसं, हा प्रश्न तपासणीच्या पुढचा आहे.

आपल्यातले बरेच जण इथेच थांबतात. आरक्षण नाही ना, मग कायद्याचा काय उपयोग? मीही तिथेच थांबले होते, म्हणून तर 'नाही' लिही म्हणाले. ही माझी चूक होती. आपल्याला आरक्षणाचा कायदा पाठ असतो, कारण त्यासाठी आपल्या माणसांनी रक्त आटवलं आहे. पण आरक्षण दारापर्यंत नेतं. दाराच्या आतलं काय?

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. पद होतं, पगार होता. राहायला जागा नव्हती. पारशी नाव लिहून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि कळल्यावर काठ्या घेऊन लोक आले तेव्हा तीही सोडावी लागली. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. नेमणुकीचा कागद होता, काम करता येईल अशी जागा नव्हती. ही गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे. मला ती गोदामाच्या फाटकावर नव्यानं कळली. बडोद्यात पारशी नाव लिहावं लागलं, इथे 'नाही' लिहावं लागलं. पाणी दोन्हीकडे नव्हतं.

२०१६ च्या कायद्यात या पाण्याला एक शब्द आहे : वाजवी सोय. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून करायचे आवश्यक आणि योग्य बदल, ज्यांचा मालकावर अवाजवी भार पडत नाही. आणि ती सोय नाकारणं हाच भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. म्हणजे मालकानं शिवी दिली, हाकलून दिलं, तेवढाच भेदभाव नाही. पाण्याची बाटली आत नेऊ दिली नाही, हाही भेदभाव.

मग कोणत्या मालकावर काय बंधन आहे, ते सरळ सांगते. उगाच मोठं करून सांगत नाही, कारण अर्धवट माहितीनं भांडायला गेलो की आपलीच फजिती होते.

सरकारी आस्थापना असेल तर कलम २० लागतं. नोकरीत भेदभाव करायचा नाही, वाजवी सोय द्यायची, अडथळे नसलेलं वातावरण द्यायचं. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून बढती नाकारायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढता येत नाही, त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. १९९५ च्या कायद्यातही ही तरतूद होती. कुणाल सिंह नावाचा सशस्त्र दलातला शिपाई कामावर जखमी झाला, त्याचा पाय कापावा लागला आणि त्याला घरी पाठवलं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. सफाई खात्यात, वीज मंडळात, रेल्वेत आपले किती लोक हात-पाय गमावल्यावर 'स्वेच्छेनं' राजीनामा लिहून देतात, ते आठवा. त्या कागदावर अंगठा लावण्याआधी कुणीतरी त्यांना कलम २० चं चौथं पोटकलम वाचून दाखवायला हवं.

खासगी मालक असेल तर? चार टक्के आरक्षण त्याला लागू नाही, त्याच्यासाठी सवलतींचं आमिष तेवढं आहे. कलम २० ही सरकारी आस्थापनांसाठीच लिहिलेलं आहे. पण कायद्यातल्या 'आस्थापना' या शब्दात कंपनी, कारखाना, संस्था, ट्रस्ट, सहकारी सोसायटी सगळं येतं. त्यामुळे कलम २१ प्रत्येकावर आहे : समान संधी धोरण लिहून काढायचं आणि आयुक्तांकडे नोंदवायचं. वीस किंवा जास्त कामगार असतील तर त्या धोरणात अपंगांना योग्य अशा पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, सोयी, आणि हे सगळं बघणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याचं नाव हवं. वीसपेक्षा कमी असतील तरी सोयींबद्दल लिहावंच लागतं. ते धोरण वेबसाइटवर किंवा सहज दिसेल अशा जागी लावायचं. कलम २२ म्हणतं, अपंग कामगारांच्या नोंदी ठेवा. आणि या सगळ्याच्या वर कलम ३ आहे : अपंगत्वाच्या कारणानं भेदभाव करायचा नाही, आणि केला तर तो का आवश्यक होता हे दाखवून द्यायची वेळ भेदभाव करणाऱ्यावर येते.

"पण माझं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांच्या खाली आहे", असं सिकलसेलची मुलं म्हणतात. आरक्षणासाठी चाळीस टक्के लागतात. वाजवी सोयीसाठी लागत नाहीत. २०२१ साली विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या त्या उमेदवाराला लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला होता.

आणि मालक म्हणाला की हा माणूस आजारी पडेल, आम्हाला खर्च येईल? मुंबई उच्च न्यायालयात हेच घडलं होतं. रणजित कुमार रजक यांची स्टेट बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली, आणि मूत्रपिंड बदललेलं आहे म्हणून त्यांना अपात्र ठरवलं. हा आजार तेव्हा कायद्याच्या यादीत कुठेच नव्हता. तरी २००९ साली उच्च न्यायालयानं वाजवी सोयीचं तत्त्व लावलं आणि एवढ्या मोठ्या बँकेला हा अवाजवी भार आहे हे म्हणणं मान्य केलं नाही. मग एका बाटलीचा भार किती?

सिकलसेलच्या कामगाराला काय लागतं ते मोजू. जवळ पाणी. लघवीला जायची मुभा, कारण पाणी जास्त प्यावं लागतं. थंडीतल्या रात्रपाळीतून आणि भर उन्हाच्या कामातून सूट. अधूनमधून बसायला मिळणं. दुखणं उठलं तर घेतलेली रजा 'गैरहजेरी' म्हणून न मोजणं. यातलं एकही महाग नाही. आणि खरं सांगा, यातलं कोणतं इतर कामगारांना नको आहे? मे महिन्यात रायपूरच्या उरला-सिलतराच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

मग करायचं काय? पहिलं, सरकारी दवाखान्यातून तपासणी करून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. टक्के किती मिळतात याची वाट बघत बसू नका. दुसरं, सोय तोंडी मागू नका. कोणती सोय, कशासाठी, हे चार ओळींत लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, पोच घ्या. तिसरं, कंपनीचं समान संधी धोरण मागा. बहुतेक ठिकाणी ते नसतं, आणि ते नसणं हाच तुमचा पहिला पुरावा. चौथं, सरकारी कचेरीत तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा. त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, नाही केली तर जिल्हा समिती. खासगीत राज्याच्या आयुक्तांकडे जा. पाचवं, पगारातून ईएसआय कापला जातो का बघा. ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळतं, आणि हा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नव्हतं. हे १९४८ च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ होतं. माझ्या भावाचा ईएसआय कापला जात होता. हे कलम मी वाचलं ते त्याला काढल्यानंतर तीन महिन्यांनी.

कायद्याची नखं किती बोथट आहेत तेही सांगते. पहिल्यांदा कायदा मोडला तर दंड दहा हजार रुपयांपर्यंत, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. आयुक्त शिफारस करतात, हुकूम नाही. आणि ठेकेदार-कंपनीच्या मधली जी फट आहे, तिच्यात माझ्या भावासारखे हजारो पडतात. तरीही कागद हलतो. २०२५ साली ३ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं अंध उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासून अडवणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. ते प्रकरण एका आईनं लिहिलेल्या पत्रापासून सुरू झालं होतं.

शब्दाबद्दल एक सांगते. अनेक जण मला म्हणतात, 'दिव्यांग' म्हणा, चांगलं वाटतं. आपल्याला चांगली वाटणारी नावं यापूर्वीही मिळाली आहेत. 'हरिजन' हे नाव कायद्यात घालायला विरोध करत १९३८ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबई विधिमंडळातून उठून गेले होते. देवाचं नाव जोडलं की हक्क मागणारा माणूस कृतघ्न दिसायला लागतो. मी अपंग म्हणते. राज्यघटनेचं कलम ४१ आजारपण आणि अपंगत्वात मदतीचा हक्क असा साधा शब्द वापरतं, मला तो पुरतो.

भावाचं काय झालं, असं तुम्ही विचारणार. आम्ही पत्र दिलं. ठेकेदाराला, कंपनीला, आणि प्रत आयुक्तांना. पोच आहे, उत्तर नाही. तो आता एका लहान हिशेबनिसाकडे काम करतो, पगार कमी आहे, पण टेबलावर पाणी असतं. मागच्या महिन्यात त्यानं एका सरकारी भरतीचा फॉर्म भरला. आजाराच्या रकान्यापाशी थांबून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी यावेळी काही बोलले नाही. त्यानं 'सिकलसेल, एसएस' लिहिलं आणि मला म्हणाला, यानं नोकरी गेली तर पत्र तूच लिहायचं. मी हो म्हटलं आहे.

शेवटचं. आपण इथे बसून मालकाविरुद्ध बोललो, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्यातले काही जण उद्या पर्यवेक्षक होतील, मनुष्यबळ विभागात लागतील, शाळेचे मुख्याध्यापक, बँकेचे अधिकारी, नगरपालिकेत लिपिक होतील. कलम २१ चं धोरण लिहायचा कागद कुणाच्या तरी टेबलावर येईल, कदाचित तुमच्याच. समोर एखादा मुलगा फॉर्म घेऊन उभा असेल आणि त्या एका रकान्यापाशी अडला असेल. त्याला खोटं लिहावं लागणार नाही अशी कचेरी चालवणं हे तेव्हा आपल्या हातात असेल. तेवढं तरी आपण करू.

जयभीम.